पहिल्या भागातली तिसरी जागा

खेळाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे, असं माझी नात म्हणते. तिनं पहिला खेळलेला नाही. मी दोन्ही खेळले आहेत, शिवाय पहिल्यात एक गुन्हाही केलेला आहे. तेव्हा माझ्या मताला थोडं वजन द्यायला हरकत नसावी.

आधी खेळ म्हणजे काय ते सांगते. टीव्हीला एक यंत्र जोडायचं, दोन मुठींचा रिमोट हातात धरायचा आणि पडद्यावरच्या एका माणसाला चालवायचं. तो माणूस म्हणजे आपण. गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, राक्षस मारायचे. मारता मारता अंगात बळ येतं. शेवटी राज्य वाचवायचं. आमच्या खेळात राज्यातल्या विहिरी आटलेल्या असतात. पाच घंटा शोधून किल्ल्यात नेऊन वाजवल्या की विहिरींना पाणी येतं. हे शास्त्राला धरून नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा ते यंत्र नाशिकरोडच्या घरी ठेवून गेला. जाताना म्हणाला, "आई, आठवड्यातून एकदा चालू करत जा, नाहीतर खराब होईल." स्कूटरबद्दलही त्यानं वडिलांना हेच सांगितलं होतं. स्कूटर खराब झाली. यंत्र मी चालू केलं.

तेव्हा खाली आम्ही राहायचो आणि वर धाकटे दीर आणि धाकटी जाऊ. दोघे भाऊ ओझरला विमानाच्या कारखान्यात. सकाळी बसनं जायचे, संध्याकाळी यायचे. दुपारी एक ते चार हे घर आमच्या दोघींचं. यंत्र खराब होऊ नये म्हणून आम्ही ते आधी आठवड्यातून एकदा लावायचो, मग दोनदा, मग रोज. एक दिवस तिचा, एक दिवस माझा. जिचा दिवस नसेल तिनं शेजारी बसून लसूण सोलायचा आणि सल्ले द्यायचे.

पंचेचाळिशीतली मी कशी होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही, कारण ती बाई मला फारशी आवडत नाही. ती बी.ए. होती. हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायची, दूधवाल्यालासुद्धा. धाकटी नामपूरची, मराठी शाळेत दहावी झालेली. खेळ होता इंग्रजीत. त्यामुळे राज्य कोण वाचवणार हा प्रश्नच नव्हता.

माझी खेळण्याची रीत अशी होती. खेळात लाल औषधाच्या बाटल्या सापडतात. नायक जखमी झाला की त्याला बाटली पाजायची, तो बरा होतो. मी बाटल्या साठवायची. वेळेला घरात असावं, ही आमच्या सासूबाईंची शिकवण. माझा नायक रक्तबंबाळ अवस्थेत, पाठीवर ऐंशी बाटल्या घेऊन, लंगडत लंगडत जायचा आणि मरायचा. मग खेळ म्हणायचा, पुन्हा सुरू करा. मी पुन्हा सुरू करायची. बाटल्या शाबूत.

धाकटी बाटली सापडली की पाजायची. "ताई, औषध आहे ते. लोणचं आहे का मुरवायला?"

आणि ती बोलायची. खेळात गावात शिरलं की तिथला कुंभार, चक्कीवाला, भिंतीला टेकून उभा असलेला रिकामटेकडा, सगळ्यांशी. मी फक्त कामाच्या माणसांशी बोलायची, म्हणजे राजा, सेनापती वगैरे. तिचं म्हणणं, "आमच्या नामपूरला कांदा नेला की वडील आधी अख्खी रांग फिरून यायचे. सगळ्यांशी बोलायचे. मग गाडीची ताडपत्री सोडायचे." पडद्यावर इंग्रजी वाक्य आलं की ती मला अर्थ विचारायची. मी सांगायची. कधी कधी अर्धाच सांगायची, कारण सगळंच तिला सांगितलं तर बी.ए.चा उपयोग काय? तरी गाळलेला अर्धा तिला कुठून मिळायचा, देव जाणे.

आठ महिन्यांनी ती पाचही घंटा घेऊन किल्ल्याच्या दारात उभी होती. माझ्याकडे तीन घंटा होत्या आणि मी तिसरा आठवडा वाळवंटात गोल फिरत होते.

त्या दिवशी वर जाताना ती जिन्यात थांबून म्हणाली, "ताई, परवा माझा संपतोय. बघायला या हं."

बघायला या. जशी काही नाटकाला.

पहिल्या भागात खेळ सेव्ह करायला तीनच जागा असायच्या. पहिली मुलाची, दुसरी माझी, तिसरी धाकटीची. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती आणि धाकटी दवाखान्यात गेली होती. मी वाळवंटात अर्धा तास फिरले, मग सेव्ह करायला गेले आणि दुसरीऐवजी तिसरी जागा निवडली. यंत्रानं विचारलं, इथं आधीच कुणीतरी आहे, ते पुसून टाकायचं का? खात्री आहे का? प्रश्न इंग्रजीत होता. मी बी.ए. होते. मला प्रश्न कळला. मी हो म्हटलं.

तेव्हा नाशिकला लोडशेडिंग जोरात होतं, त्यामुळे खोटं बोलायला फार सोपं होतं. "अगं, लाईट गेली आणि तुझं सगळं उडालं," मी तिला दारातच सांगितलं. ती आत येऊन बघेल या भीतीनं पुढचं खोटंही लगेच जोडलं, "यंत्रसुद्धा गेलं बघ. चालूच होत नाही." ती पायरीवर बसली. म्हणाली, "जाऊ द्या ताई. तुमचंही गेलं की." माझं सांत्वन करून ती वर गेली.

पुढे चार महिने मी आवाज बंद करून खेळले. ती विरजण मागायला खाली आली की पायांचा आवाज ऐकून मी टीव्हीवर मालिका लावायची. पंचेचाळीस वर्षांची, दोन हातांत चार हिरव्या बांगड्या घातलेली बाई, सोफ्याच्या उशीखाली रिमोट दडवून, मालिकेतल्या सुनेसाठी डोळे पुसतेय. तो अभिनय मला खेळापेक्षा बरा जमायचा. शेवटी मी किल्ला जिंकला. पाच घंटा वाजवल्या. आवाज बंद असल्यामुळे ऐकू आल्या नाहीत.

पुढे दीर निवृत्त झाले, ती दोघं देवळाली कॅम्पला राहायला गेली. काही वर्षांनी दीर गेले. आता धाकटी दर गुरुवारी बसनं माझ्याकडे येते, संध्याकाळच्या बसनं परत जाते. आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं आणि जेवढं येतं तेवढं ते वर्तमानपत्रासाठी राखून ठेवतात. मुलगा रविवारी फोन करतो. म्हणजे आठवड्यात मी जे काही बोलते ते गुरुवारीच बोलते. बाकीच्या सहा दिवसांत मी गुरुवारी काय बोलायचं ते जमवत असते. हे तिला कधी सांगितलेलं नाही.

अशात नातीनं नवं यंत्र आणि त्याच खेळाचा दुसरा भाग पाठवला.

दुसरा भाग दिसायला फार देखणा आहे. गवत हलतं. पहिल्या भागात गवत म्हणजे हिरवा चौकोन होता आणि आम्ही तो गवत आहे असं मानून घ्यायचो. पहिल्या भागातले लोक जागच्या जागी उभे राहून जन्मभर एकच वाक्य बोलायचे. दुसऱ्यात सगळे हिंडतात, जेवतात, दुपारी दुकान बंद करून झोपतात. मी तलवार घ्यायला गेले तर लोहार चारनंतर या म्हणाला. थेट आपला नाशिकचा मेन रोड. नायकाचं रूप आपण ठरवायचं, तर मी पांढऱ्या केसांची म्हातारी केली. सुरकुत्या किती खोल हव्यात तेही विचारतात. गुडघे मात्र विशीचेच देतात, त्याला इलाज नाही. स्वयंपाकही करता येतो. लाकडं गोळा करा, चूल पेटवा, रस्सा ढवळा. ते करायला मला नायक कशाला हवा?

आणि जमिनीवर एक सोनेरी बाण असतो. कुठं जायचं ते तो दाखवतो. बाणाच्या मागं चालत राहायचं. वाळवंटात चुकायची सोयच नाही.

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी आली ती वेगळीच भानगड. खेळ सुरू करताना तो विचारतो, पहिला भाग खेळलात का? खेळला असाल तर तुमचा जुना नायक इकडे घ्या. मुलगा नवं यंत्र जोडून द्यायला आला होता तेव्हा जुन्या यंत्रातलं सगळं कुठल्यातरी वायरीनं काढून नव्यात घालायची त्यानं व्यवस्था केली होती. मायेपोटी. पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिल्या जागेवर मुलगा. दुसऱ्या जागेवर मी. तिसऱ्या जागेवरही मी.

तो मंगळवार होता. मला सज्जनपणाचा झटका आला आणि मी सत्याला सामोरी जायचं ठरवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी दोन दिवस ती तिसरी ओळ पुसायचं बटण शोधत होते. सापडलं नाही. नातीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, तू इथून पुसलंस तरी ते वर, नेटवर राहतं. आता काही जात नाही. सेफ आहे." तिला वाटलं, मला धीर देतेय.

मग मी ठरवलं की गुरुवारी धाकटी येण्याआधीच खेळ लावून ठेवायचा, म्हणजे तो पडदा दिसणारच नाही. ती आली. कोथिंबीरवडीचा डबा तिनं ओट्यावर ठेवला, माझी पांढऱ्या केसांची म्हातारी बघितली, "अगदी तुम्हीच हो," म्हणाली, अर्धा तास बघितलं आणि मग म्हणाली, "आता माझं वेगळं सुरू करा की." वेगळं सुरू करायचं तर त्याच पडद्यावरून जावं लागतं.

तिनं चष्मा लावला. तीन ओळी वाचल्या. तिला इंग्रजी नाव वाचायला वेळ लागत नाही आता.

"ताई, तिसऱ्या जागेवर तुम्ही काय करताय?"

मी सोफ्यावरची उशी सरळ केली.

"लाईट गेली होती ना?"

"गेली होती."

"मग रिकामी पाहिजे. लाईट जाऊन तिथं तुम्ही कशा आलात?"

आमच्या ह्यांनी पान उलटलं. मी वीस-बावीस वर्षं या प्रश्नाची तयारी करत होते. दोन उत्तरं तयारही होती. पण तोंडातून निघालं ते तिसरंच. "मी पुसलं. मुद्दाम. तू माझ्याआधी जिंकत होतीस."

"आणि यंत्र बिघडलं होतं ते?"

"नव्हतं बिघडलं."

"म्हणजे तुम्ही नंतर..."

"संपवला. आवाज बंद करून."

तिनं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी चांगली आहे. पण तिनं चष्मा डबीत ठेवला, पर्स घेतली, ओट्यावरचा कोथिंबीरवडीचा डबा उचलून परत पिशवीत घातला आणि दारात चपला घालताना स्वतःशीच म्हणाली, "हाई काय शे?" वीस वर्षं एका घरात काढली, तिची माहेरची अहिराणी बोली मी तेव्हा दुसऱ्यांदा ऐकली. पहिल्यांदा ऐकली ती तिच्या लग्नात.

पुढचा गुरुवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. मी फोन केला तर तिनं उचलला, "बरं आहे, ठेवते," म्हणाली आणि ठेवला. मी एकटी दुसरा भाग खेळायचा प्रयत्न केला. बाण दिसतो, चालत जायचं. अडलं तर कुणाला विचारायचं कारण नाही, कारण अडतच नाही. दोन-तीन दिवस मी ह्यांना शेजारी बसवून बघितलं. प्रत्येक राक्षस आला की ते विचारायचे, "हा आपल्यातला का?" तिसऱ्या दिवशी त्यांना पडदा लागला की झोप लागायला लागली.

चौथ्या गुरुवारी तिचाच फोन आला.

"ताई, कागद-पेन आहे का?"

"आहे."

"नाव सांगते, लिहून घ्या. माझं जिथं होतं तिथं आणून ठेवा. किल्ल्याच्या दारात, पाच घंटा घेऊन. जुन्या खेळात, तिसऱ्या जागेवर. मग बोलू."

"अगं, त्याला महिने लागतील."

"मला लागलेच होते की."

मग तिनं नाव सांगितलं. ते मला माहीत होतं. खेळ सुरू करताना नायकाचं नाव विचारतो, आणि आम्ही दोघींनी, एकमेकींना न विचारता, माहेरची नावं घातली होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं की जुनं संपतं. तिचे आईवडील लवकर गेले. भाऊ तिला ताई म्हणायचा. त्या नावानं तिला हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं, खेळातला राजा सोडला तर. हे मी पुसताना मला ठाऊक होतं का? नाव तर समोर लिहिलेलं होतं.

मी जुनं यंत्र माळ्यावरून काढलं. तिसऱ्या जागेवर स्वतःला पुसलं. खात्री आहे का, त्यानं विचारलं. या यंत्राला माझ्यावर विश्वास नाही, आणि ते बरोबर आहे.

सकाळी खेळायचे, दुपारी खेळायचे. अट अशी होती की तिच्या रीतीनं खेळायचं. बाटली सापडली की पाजायची. पहिली बाटली पाजताना माझं बोट बटणावर इतका वेळ थांबलं की राक्षसानं नायकाला मारून टाकलं. गावात शिरलं की सगळ्यांशी बोलायचं. ती संध्याकाळी फोन करून तपासायची. शिक्षिका परवडली.

"चक्कीवाल्याशी बोललात?"

"बोलले. एकच वाक्य म्हणतो. पीठ संपलं."

"तीनदा बोला."

"तीनदा तेच म्हणेल ना."

"तुम्ही बोलून बघितलंय का कधी?"

मी तीनदा बोलले. दोनदा पीठ संपलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, चक्कीच्या मागून ओढ्याकाठानं वाट जाते, वाळवंट लागत नाही. मी रिमोट मांडीवर ठेवला. पहिल्या वेळी त्या वाळूत मी एकूण दोन महिने काढले होते. जावेच्या पुढे जाता येईना म्हणून तिला पुसलं होतं, आणि वाट एका चक्कीवाल्याजवळ होती, ज्याच्याशी मी बी.ए. असल्यामुळे बोलले नव्हते.

असे पुष्कळ निघाले. विहिरीवरची म्हातारी चार वेळा बोललं की गाणं म्हणते. रिकामटेकडा मुळात सेनापती होता. मी सगळ्यांना सांगत फिरायची की पहिला भाग मला पाठ आहे. मी त्यातला निम्मा बघितलाच नव्हता. नातीला हे कळवलं नाही. तिच्यासमोर पहिल्या भागाची बाजू घ्यायला अजून मीच एकटी आहे.

दीड महिन्यानं मी किल्ल्याच्या दारात पोचले. सेव्ह केलं. तिसरी जागा, तिचं नाव, पाच घंटा. दोनदा वाचून खात्री केली आणि फोन लावला.

गुरुवारी ती आली. डबा आणला नव्हता. सोफ्यावर बसली, आधी मला नायकाची पिशवी उघडायला लावून बाटल्या मोजल्या. "नऊ कशा? माझ्याकडे चार होत्या."

"पाच सुटल्या हातून. साठवायच्या."

"पाजा."

मी ठणठणीत नायकाला पाच बाटल्या पाजल्या. मग तिनं रिमोट घेतला. किल्ल्यात दोनदा मेली. डावीकडून राक्षस येतो हे मला माहीत होतं, मी तोंड उघडलं.

"गप्प बसा, ताई."

मी गप्प बसले. तिसऱ्यांदा ती जिंकली. पाच घंटा वाजल्या. मी त्या पहिल्यांदाच ऐकत होते. फार काही ग्रेट नाहीत, शाळा सुटल्यासारख्या वाजतात. राजा पुढं आला आणि तिच्या माहेरच्या नावानं त्यानं आभार मानले. एकच ओळ. तिनं अर्थ विचारला नाही. ओळ बटण दाबल्याशिवाय जात नाही, आणि तिनं बराच वेळ बटण दाबलं नाही.

मग खेळ करणाऱ्यांची नावं वर सरकत गेली आणि पडदा काळा झाला.

"एवढंच?"

"एवढंच."

"विहिरीला पाणी आलेलं दाखवलंच नाही."

"नाही दाखवत."

"आणि ह्याच्यासाठी तुम्ही..."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता पर्स उचलते. तिनं पदरानं रिमोट पुसला, तो माझा घाम होता बहुतेक, आणि म्हणाली, "दुसऱ्यात दाखवतात का पाणी?"

"दाखवतात. खाली वाकलं की तोंडसुद्धा दिसतं त्यात."

"मग लावा. चहा टाका आधी. साखर अर्धा चमचा."

मी चहा टाकून आले. नव्या यंत्रात ज्याची त्याची जागा वेगळी असते, हव्या तेवढ्या जागा करता येतात, आणि ज्याला हवं त्याला आपल्या जागेला चार आकड्यांचं कुलूप घालता येतं. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच शोधून काढलं होतं, माझा चहा उकळेपर्यंत. तिनं पदर रिमोटवर ओढून घेतला होता आणि पडद्यावर चार रिकामे चौकोन वाट बघत होते.

"ताई," ती म्हणाली, "तिकडं तोंड करा."

मी तिकडं तोंड केलं.